रक्ताचा अहवाल कामगाराच्या हाती हवा
(चारबाग, लखनौ येथे रेल्वे कामगारांपुढे केलेले भाषण)



रेल्वेचे वर्कशॉप असो की कोल्हापूरची फौंड्री, वाळूची बारीक धूळ उडते तिथे सिलिकोसिसचा धोका आहेच. धूळ अतोनात गेली तर फुप्फुसाच्या वायुकोशांत प्रथिने व स्निग्ध द्रव्ये साचतात. अशाच साचण्याचा दुर्मिळ आजार म्हणजे पल्मोनरी अल्व्हिओलर प्रोटिनोसिस. त्याचे पहिले वर्णन १९५८ साली अमेरिकेत झाले. बहुतेक रुग्णांत मूळ कारण धूळ नसून शरीराने स्वतःविरुद्धच तयार केलेली प्रतिपिंडे असतात, हे १९९९ साली जपानी संशोधकांनी दाखवले.

प्रतिपिंडांवरून आजार ओळखता येतो, पण तो किती बळावला हे त्यांच्या प्रमाणावरून कळत नाही. त्यासाठी रक्तातील एलडीएच आणि केएल-६ पाहतात. वायुकोश भरले की ही द्रव्ये वाढतात. फुप्फुस सलाइनने धुतल्यावर हळूहळू उतरतात. एलडीएचची तपासणी स्वस्त आहे, पण यकृताच्या व रक्ताच्या विकारांतही तो वाढतो. म्हणून एका आकड्यावर निकाल देऊ नये. त्याच माणसाचे मागचे-पुढचे आकडे, ऑक्सिजन आणि श्वासाची चाचणी एकत्र पाहावी.

इथेच युनियनचे काम सुरू होते. अहवाल कचेरीच्या कपाटात राहिला तर तुलना कशाशी करणार? प्रत्येक अहवालाची प्रत कामगाराला मिळाली पाहिजे. आकडे वाढले तर पगार न कापता धुळीबाहेरचे काम मिळाले पाहिजे. आणि रक्त तपासले म्हणून धूळ थांबत नाही. पाणी मारणे व धूळ खेचणारे पंखे ही मागणी पहिली!