भुईमुगाच्या मुळावरची गाठ पारखून घ्या



भुईमूग दीड-दोन महिन्यांचा झाला, पाणी वेळेवर दिलं, खतही दिलं. तरीसुद्धा शेताच्या एखाद्या कोपऱ्यात, विशेषतः हलक्या रेताड जागी, झाडं पिवळी आणि खुजी दिसतात. जमिनीत ओल असूनही भर दुपारी माना टाकतात. अशा वेळी आपण युरियाचं पोतं उघडतो, नाही का? जरा थांबा. अगोदर मूळ पाहा.

झाड हिसका देऊन उपटू नका, बारीक मुळं जमिनीतच राहतात. खुरप्यानं मातीसकट काढा आणि घमेल्यातल्या पाण्यात हलक्या हातानं धुवा.

आता तुम्ही म्हणाल, भुईमुगाला गाठी असतातच की! खरं आहे, आणि त्या हव्यातच. हवेतला नत्र त्याच पिकाला मिळवून देतात. पण ही चांगली गाठ मुळाच्या कडेला मण्यासारखी चिकटलेली असते. नखानं अलगद सुटते. फोडली तर आत गुलाबी-तांबूस दिसते. रोगाची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं. ती सुटत नाही, ओढली तर मूळ तुटतं. आऱ्यांवर आणि शेंगांच्या टरफलांवरही अशा गाठी आल्या असतील, तर शंका नको.

हे काम सूत्रकृमीचं. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा हा जंत मुळाच्या टोकातून आत शिरून तिथंच ठाण मांडतो. एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते आणि उबदार जमिनीत महिनाभरात नवी पिढी तयार होते.

उभ्या पिकात यावर फारसा इलाज नाही, हे स्पष्टच सांगतो. फोरेटच्या दाण्यांवर तर 2020 सालअखेर पूर्ण बंदी आली. कुणी जुनी पिशवी देऊ केली तरी घेऊ नका.

खरं काम काढणीनंतरचं. गाठी आलेली मुळं वेचून जाळा. एप्रिल-मे महिन्यांत खोल नांगरट करा आणि पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन पाळ्या देऊन माती उन्हात तापू द्या. पुढं त्या जागी ज्वारी घ्या. टोमॅटो, वांगी, भेंडी नको. त्यांच्या मुळांवर हा जंत सुखानं जगतो.

शेंगेचा पैसा सोडून ज्वारी घेणं जिवावर येतं, हे आम्हाला कळतं. पण रोग एका कोपऱ्यात असेल, तर तेवढाच तुकडा बदला. त्या तुकड्याची मशागत सर्वांत शेवटी करा आणि औजारांची माती तिथंच झाडा, म्हणजे रोग शेतभर फिरणार नाही. पुन्हा भुईमूग घ्यायच्या वेळी पेरणीआधी दोन-तीन आठवडे निंबोळी पेंड मातीत मिसळा. एकरी 400 किलो म्हटलं की खर्च मोठा वाटतो. रोगट जागेपुरतीच टाकली तर गुंठ्याला 10 किलो पुरे.

खात्रीसाठी माती तपासून घ्या. रोगट जागेच्या कडेला, मुळाजवळची वीतभर खोलीची माती थोड्या मुळांसह प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा. खताच्या तपासणीसाठी वाळवतो तशी ही माती वाळवू मात्र नका. सावलीत ठेवून ओलीच, लवकरात लवकर कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात पोचवा. जंत जिवंत पोचले तरच ते मोजता येतात.