धोटा बदलला म्हणून माग थांबत नाही

(ग्राहक दिनानिमित्त सोलापूर येथे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



सोलापूरच्या श्रोत्यांपुढे संगणकाविषयी बोलायचे, तर मागापासून सुरुवात करणे मला सोयीचे वाटते. माझे बालपण पूर्व भागात गेले. घरोघरी मागांचा खडखडाट चाले. धोटा झिजला की नवा धोटा येई, फणी मोडली की नवी फणी, मोटार जळली की दुसरी मोटार. दुरुस्ती झाली की माग पुन्हा सुरू. त्यासाठी माग विकणाऱ्याची परवानगी घ्यावी लागते, ही कल्पना कोणाच्या स्वप्नातही नव्हती. चादरीवर नक्षी उतरवणाऱ्या जेकार्डची भोके पाडलेली पुठ्ठ्याची पाने एकदा विकत घेतली, की ती मागधारकाची. मोटार बदलली म्हणून त्या पानांनी नक्षी काढण्याचे नाकारले, असे मी कधी ऐकले नाही.

हा दृष्टांत ओढूनताणून आणलेला नाही. फ्रान्समधील जाकार याने १८०४ च्या सुमारास हा माग सिद्ध केला. पुढे चार्ल्स बॅबेज याने आपल्या नियोजित गणनयंत्राला आज्ञा देण्यासाठी तशीच छिद्रांची पाने योजली. संगणकाच्या आज्ञावलीचे एक मूळ असे विणकराच्या घरात आहे. परंतु विणकराला त्याच्या पानांवर जो हक्क होता, तो आज संगणकाच्या ग्राहकाला आपल्या प्रणालीवर उरलेला नाही.

उदाहरण घेऊ. समजा, एका यंत्रमागधारकाने हिशेबासाठी विंडोज प्रणालीसकट संगणक घेतला. विजेचा दाब अचानक वाढून त्याचा मदरबोर्ड जळाला. दुरुस्ती करणाऱ्याने नवा बसवला. हार्ड डिस्क तीच, हिशेब तेच, मालकही तोच. संगणक सुरू झाला आणि पडद्याच्या कोपऱ्यात सूचना उमटली : विंडोज 'अ‍ॅक्टिव्हेट' करा. ज्याचे पैसे एकदा मोजले, त्याचेच पैसे पुन्हा मोजण्याची पाळी त्याच्यावर येऊ शकते.

हे घडते कसे? २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीपासून ही पद्धत घरोघरी पोचली. प्रणाली बसवताना ती प्रोसेसर, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड अशा भागांच्या खुणा घेऊन यंत्राचा जणू अंगठा उठवून ठेवते. पुढे पुरेसे भाग बदलले, की अंगठा जुळत नाही आणि यंत्र अनोळखी ठरते. एक्सपीच्या वेळी तीस दिवसांत नोंदणी झाली नाही, तर आत प्रवेशच मिळत नसे. विंडोज १० व ११ इतक्या कठोर नाहीत. सूचना झळकत राहते, काही सोयी बंद होतात, काम मात्र चालू राहते.

खरी मेख परवान्याच्या प्रकारात आहे. दुकानातून स्वतंत्रपणे घेतलेला परवाना एका संगणकावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. संगणकासोबत आलेला परवाना मात्र त्या यंत्राशी जन्माची गाठ मारून येतो. मायक्रोसॉफ्टच्या नियमानुसार असा मदरबोर्ड बदलला, की तो नवा संगणक मानला जातो. सदोष निघालेला मदरबोर्ड उत्पादकाने बदलून दिला तरच अपवाद. आपल्याकडे दुरुस्ती होते ती बहुधा मुदत संपल्यावर आणि कोपऱ्यावरच्या दुकानात. म्हणजे हा अपवाद ज्याला सर्वाधिक हवा, त्याच्या वाट्याला तो येतच नाही.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. चोरून नकला करणाऱ्यांनी तिचे नुकसान केले, हे खरे आहे. संगणकासोबतचा परवाना स्वस्त पडतो, म्हणून त्यावर बंधने अधिक, हा युक्तिवादही अर्थशास्त्राला सोडून नाही. परंतु सौदा न्याय्य ठरण्यासाठी दोन्ही पक्षांना त्याच्या अटी ठाऊक असाव्या लागतात. 'हा परवाना मदरबोर्डाबरोबर संपेल' असे वाक्य आपल्यापैकी कितीजणांनी बिलावर वाचले आहे? शिवाय चोरी रोखण्याचा भार पडतो कोणावर? चोर पळवाट शोधतोच. अडकतो तो, ज्याच्याजवळ बिल आहे. निर्दोष असल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, आणि न्यायाधीश व फिर्यादी एकच असतो.

कायद्याच्या दृष्टीनेही येथे विसंगती आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली, टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात, तयार सॉफ्टवेअर हा 'माल' असून त्यावर विक्रीकर लागू शकतो, असा निर्णय दिला. करवसुलीच्या वेळी तो माल, आणि ग्राहकाने हक्क सांगितला की केवळ 'वापरण्याची परवानगी'! युरोपीय न्यायालयाने २०१२ साली, ओरॅकल कंपनीच्या प्रकरणात, कायमचा विकलेला परवाना ग्राहक पुढे विकू शकतो, असे ठरवले. आपल्याकडे हा प्रश्न ग्राहकाच्या बाजूने अजून नीट विचारलाच गेलेला नाही.

आजच्या दिवसाचे यात औचित्य आहे. २०२२ सालच्या ग्राहक दिनी, २४ डिसेंबर रोजी, केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे त्यासाठी निवडली गेली. पाऊल योग्यच आहे. परंतु सुटे भाग मिळाले, कारागीर मिळाला, आणि दुरुस्त झालेल्या यंत्राला चालण्याची मुभा मात्र सातासमुद्रापलीकडून घ्यावी लागली, तर तो हक्क अर्धामुर्धाच राहतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला सुरक्षेची विशिष्ट चिप लागते, म्हणून कितीतरी धडधाकट संगणक एका दिवसात म्हातारे ठरले. यंत्राचे आयुष्य कोणी ठरवायचे, हाच दोन्हीकडचा प्रश्न आहे.

यावर पर्याय नाही असे नाही. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. त्यावर उभ्या राहिलेल्या डेबियनसारख्या प्रणाली मदरबोर्ड बदलल्यावर कोणाची परवानगी मागत नाहीत. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त प्रणालीचा मार्ग फार पूर्वी धरला. आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाची प्रणाली तयार केली आहे. अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. आपल्या छापखान्यांतले जुने मराठी टंक आणि हिशेबाचे कित्येक प्रोग्राम विंडोजवरच चालतात. म्हणूनच हा बदल व्यक्तीच्या हट्टाने होणार नाही. शाळा, ग्रंथालये आणि नगरपालिकांनी तो आधी केला पाहिजे.

तोवर मागण्या तीन. यंत्रासोबत विकलेला परवाना, मदरबोर्ड बदलला तरी, त्याच मालकाकडे चालू राहावा. परवान्याचा प्रकार बिलावर मराठीत छापला जावा. दुरुस्तीच्या हक्कात संगणक व त्याची प्रणाली यांचा स्पष्ट समावेश व्हावा. आणि एक व्यवहाराची सूचना : विंडोज १० किंवा ११ असेल, तर भाग बदलण्यापूर्वी परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घ्या. परवान्याचा प्रकार तसा असेल, तर ओळख पुन्हा पटवणे सोपे जाते.

विणकर माल विकतो, तेव्हा चादर ग्राहकाची होते. ती उसवली तर कोणी शिवायची, हे सोलापूरचा विणकर ठरवत नाही. जगातल्या अत्यंत श्रीमंत कंपन्यांकडून एवढीच साधी नीती मागणे, ही काही फार मोठी मागणी नव्हे.