पुनर्विकासाआधी घरोघरी

जुन्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला की सभेत पहिला प्रश्न येतो, "वाढीव जागा किती मिळणार?" मग कॉर्पस फंड, मग पार्किंग. एवढं टिपून घेतलं की सभासदांच्या गरजा कळल्या, असं समितीला वाटतं. मला ते पटत नाही.

माणसं गरज क्वचितच सांगतात, बहुधा उपायच सांगतात. "दोन लिफ्ट हव्यात," असं कुणी म्हणालं तर "का?" असं जरूर विचारावं. एक बंद पडली तर सातव्या मजल्यावरच्या आजींचं काय, ही काळजी त्यामागे असते. मग वीज गेल्यावर जनरेटरवर कोणती लिफ्ट चालेल, आत स्ट्रेचर मावेल का, हेही लिहावं लागतं. माणशी ६८ किलो धरून तेरा जणांची लिफ्ट ८८४ किलोंची होते. पण वजन पेललं म्हणून स्ट्रेचर मावतंच, असं नाही.

"पाणी भरपूर हवं" ही मागणी करारात निरुपयोगी. भरपूर म्हणजे किती? शहरी घरासाठी माणशी रोज १३५ लिटर हा आपल्याकडचा रूढ हिशोब. टाकी त्यावरून ठरवा. जागेचंही तसंच. २०१६च्या रेरा कायद्यानुसार कार्पेट एरियात घरातल्या आतल्या भिंती येतात, बाल्कनी येत नाही. बिल्डरचा आकडा ऐकून हुरळण्याआधी तो कार्पेट एरियाचाच आहे का, एवढं विचाराच. अग्निशमनाचे नियम, इमारतीची उंची या गोष्टी मात्र सभेच्या मतावर नसतात. त्या वास्तुविशारदाकडून आधीच समजून घ्याव्यात.

खरी अडचण न बोलणाऱ्यांची. चाकाच्या खुर्चीतले काका सभेला येत नाहीत. आल्या तरी गृहिणी मागच्या रांगेत बसतात, आणि ओले कपडे कुठे वाळत घालायचे हा प्रश्न नकाशात दिसत नाही. म्हणून सल्लागाराने घरोघरी जावं, स्वयंपाकघरात उभं राहून बोलावं. भाडेकरूंनाही विचारावं. शिवाय बांधकाम चालू असतानाच्या गरजा वेगळ्याच: भाडं, डिपॉझिट, मुलांची शाळा, दोनदा सामान हलवण्याचा खर्च.

आणि प्रत्येक मागणीपुढे ती कुणाची, हे लिहून ठेवा. पुढे नकाशा बदलला आणि मागच्या बाल्कनीवर काट मारायची वेळ आली, तर कुणाच्या दारावर टकटक करायची ते कळेल.