चेहऱ्याचे सत्य



केमचे कुंकू प्रसिद्ध आहे. तांबड्या रंगाच्या किती छटा असतात, हे येथील लोकांस आम्ही निराळे सांगावयास नको. परंतु मनुष्याच्या एका गालावर त्याहूनही अधिक रंग असतात, हे आपण क्वचितच पाहतो. ते पाहणे हेच तैलरंगांत व्यक्तिचित्र काढणाऱ्याचे मुख्य काम होय.

आपल्याच ख्रिस्तसभेतील अँतोनियो झेवियर त्रिंदाद (1870–1935) हे असे पाहणारे चित्रकार होते. गोमंतकात जन्मून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले व पुढे तेथेच शिक्षक झाले. 1920 साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांस मिळाले, ते घरी विसावलेल्या स्वपत्नीच्या चित्राबद्दल.

हे साधते कसे? जवसाच्या तेलात खललेला रंग सावकाश वाळतो. म्हणून चूक पुसून चेहरा पुन्हा न्याहाळता येतो. प्रथम छायेचे पातळ थर द्यावयाचे, मग उजेडाचे दाट. छायेवाचून चेहऱ्यास उठाव येत नाही.

आम्ही मात्र वडीलधाऱ्यांचे चित्र करविताना सुरकुत्या काढून टाकावयास सांगतो. ज्या कष्टांनी आम्हांस वाढविले, त्यांच्याच या खुणा आम्ही का पुसाव्या? मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे, अशी आपली श्रद्धा आहे. तर मग या ज्युबिलीच्या दिवशी शेजारी बसलेल्या वृद्ध चेहऱ्याकडे, त्यातील काहीही न वगळता, एकवार प्रीतीने पाहू या.