खिळे ठोकलेला दांडा: खंदकापासून गलवानपर्यंत

आजचा विषय जरा विचित्र आहे. दांडा. हो, खिळे ठोकलेला दांडा.

जून २०२०. लॉकडाऊन. मी लालबागच्या चाळीत, लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करत बसलेलो. गलवानची बातमी आली आणि पाठोपाठ फोनवर खिळे वेल्ड केलेल्या लोखंडी सळ्यांचा फोटो. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर लगेच मीम्स सुरू: दोन न्यूक्लियर पॉवर आणि हातात दांडकी! मीही हसण्याचे तीन इमोजी टाकले.

शेजारच्या काकांना गॅलरीत तो फोटो दाखवला. काका फौजेतून रिटायर झालेले. ते हसले नाहीत. "चौदा हजार फुटांवर चार पायऱ्या चढून बघ. मग दांडा उचल," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

मग मी वाचायला लागलो. मला वाटायचं, गदा म्हणजे मारुतीची, नाहीतर महाराष्ट्र केसरीला मिळते ती चांदीची. पण पहिल्या महायुद्धात, मशीनगन आणि विषारी वायूच्या काळात, सैनिक हीच वस्तू स्वतः बनवत होते. फ्रान्समध्ये पलटणीतले सुतार-लोहार लाकडी दांड्याला बुटांचे खिळे ठोकायचे, शिसं ओतायचे, किंवा कुदळीच्या दांड्यावर दातेरी लोखंडी डोकं बसवायचे. का? तेव्हाची ली-एनफिल्ड रायफल संगीन लावली की पाच फुटांच्या पुढे जायची. अरुंद, नागमोडी खंदकात ती फिरवणार कशी? शिवाय रात्री गुपचूप शिरून कैदी पकडून आणायचा, तर गोळीचा आवाज करून चालत नाही. असे छापे घालणाऱ्यांत अगदी सुरुवातीला, नोव्हेंबर १९१४ मध्ये, आपले गढवाल रायफल्सचे जवान होते.

मुंबईला ते युद्ध लांबचं नव्हतं बरं का. १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये मेसोपोटेमियाची फौज इथल्याच बंदरातून निघाली. पुढे कुतच्या वेढ्यात मराठा पलटणीही अडकल्या. काळा घोड्याजवळचं आपलं म्युझियम, तेव्हाचं प्रिन्स ऑफ वेल्स, लोकांसाठी उघडलं १९२२ मध्ये. त्याआधी त्या इमारतीत लष्करी हॉस्पिटल होतं. मी शाळेच्या सहलीला दोनदा गेलोय, हे कुणी सांगितलं नाही.

आता गलवान. तिथे जागेची अडचण नव्हती, कागदाची होती. १९९६ च्या भारत-चीन करारात नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही असं ठरलंय. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी तेव्हा सांगितलंही, की जवानांकडे शस्त्रं होती, पण झटापटीत बंदूक चालवायची नाही हा प्रघात. माझ्या भाषेत सांगू? स्पेसिफिकेशनमध्ये गोळी लिहिली होती, सळई राहून गेली.

त्या १५ जूनच्या रात्री आपले वीस जवान गेले. कमांडिंग ऑफिसर कर्नल संतोष बाबू त्यांत होते. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये चार मृत्यू मान्य केले. आणि आपल्या लष्कराचं निवेदन नीट वाचा: वीसपैकी सतरा जण आधी गंभीर जखमी झाले, शून्याखालच्या थंडीत राहिले आणि मग गेले. गोळीसारखं क्षणात नाही. काकांना पायऱ्या का आठवल्या, ते मला तिथे कळलं.

ग्रुपवरचे माझे ते तीन इमोजी अजून आहेत. डिलीट करायची मुदत केव्हाच संपली.