समुद्रातील मोडलेली भिंत
(वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



पोवळे हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. आजीच्या गळ्यातील माळ किंवा अंगठीतील लाल खडा आपण पाहिलेला असतो. दागिन्याचे ते लाल पोवळे निराळे. त्याची दूरची भावंडे उथळ, उबदार समुद्रात चुन्याच्या मोठमोठ्या भिंती बांधतात. त्यांना प्रवाळभित्ती म्हणतात. त्या बांधणारा जीव बहुधा काही मिलिमीटरचाच असतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून घरभाडे म्हणून यजमानाला देते! समुद्रतळाचा एक टक्काही भाग या भित्तींनी व्यापलेला नाही. तरी समुद्रातील सुमारे पाव जीवजातींना त्यांचा आधार आहे. किनाऱ्यावर येणाऱ्या लाटांचा जोरही त्याच मोडतात.

अशी भिंत मोडली तर पुन्हा बांधता येते काय? हा आजचा माझा विषय आहे.

इंडोनेशियात सुलावेसी नावाचे मोठे बेट आहे. तेथील मकासर शहरासमोर स्पेरमोंडे हा लहान बेटांचा समूह आहे. या बेटांवरच्या लोकांचे पोट मासेमारीवर. काही मच्छीमारांनी झटपट कमाईसाठी बाटलीत खताची दारू ठासून, वात पेटवून ती पाण्यात फेकण्याचा मार्ग धरला. एका स्फोटात मासे मिळत, पण शेकडो वर्षांची भिंतही फुटे. कायद्याने बंदी असूनही हे चालत राहिले. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण उद्याचे घर मोडून आजची चूल पेटवणारा माणूस बहुधा अडचणीतलाच असतो, हे विसरू नये.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आपण मोडायचे थांबलो की निसर्ग आपोआप भरून काढील, असे आपल्याला वाटते. येथे तसे झाले नाही. स्फोटाने झालेला प्रवाळांचा चुरा तळाशी सुटा पडून राहिला. पाण्यात तरंगणारी प्रवाळांची पिल्ले त्यावर बसत, आणि प्रवाहाने तुकडे हलले की चिरडून जात. वर्षांमागून वर्षे गेली तरी चुरा चुराच राहिला. पिल्लांची वाण नव्हती. त्यांना पाय रोवायला घट्ट जागा नव्हती.

ती जागा माणसांनी करून दिली. लोखंडी सळ्यांचे षट्कोनी सांगाडे करून त्यांवर वाळूचा थर चढवला. प्रत्येकाला जिवंत प्रवाळाचे तुकडे बांधले. पाणबुड्यांनी ते तळाशी नेऊन एकमेकांना जोडले, तेव्हा खालचा चुरा जाळ्याखाली दबून स्थिर झाला. बादी बेटाजवळ 2013 ते 2015 या काळात असे 11,000 सांगाडे सुमारे 7,000 चौरस मीटरवर बसवण्यात आले. आरंभी जिवंत प्रवाळांचे आच्छादन दहा टक्क्यांहून कमी होते. ते साठ टक्क्यांच्या वर गेले. जवळच्या बोंटोसुआ बेटाचा अभ्यास 2024 साली प्रसिद्ध झाला. लागवडीनंतर चारच वर्षांत तेथील नवी भित्ती शेजारच्या निरोगी भित्तीइतक्या वेगाने चुना साठवू लागली होती.

यामागे पैसा कोणाचा? मुख्यतः मार्स या चॉकलेट बनवणाऱ्या कंपनीचा. आणि हात कोणाचे? बरेचसे बेटांवरच्याच लोकांचे. ज्यांच्या डोळ्यांसमोर भित्ती फुटल्या, त्यांच्याच वस्तीतील माणसे तुकडे बांधायला बसली. देणगीदार सळ्या आणून देऊ शकतो. पण रात्री कोणाची होडी बाटली घेऊन निघाली, हे शेजाऱ्यालाच कळते. राखण गावानेच करायची असते. गावाची साथ नसेल तर एका रात्रीत सारी देणगी पुन्हा चुरा होईल.

या कामाला मर्यादाही आहेत. लावलेल्या प्रवाळांत फांद्यांच्या जाती अधिक. गोल, खडकासारख्या जाती कमी. फांद्या लवकर वाढतात, पण उष्णतेला लवकर बळीही पडतात. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. 1998 साली आपल्या लक्षद्वीपने हा आघात सोसला. 2010 आणि 2016 साली तो पुन्हा आला. 2024 साली तर शास्त्रज्ञांनी जगभरच्या चौथ्या विरंजनाची घोषणा केली. समुद्र तापतच राहिला तर सळ्या कितीही रोवल्या तरी पुऱ्या पडणार नाहीत. म्हणून भिंत बांधणे आणि तिला तापवणारा धूर कमी करणे, ही दोन्ही कामे बरोबरच व्हायला हवीत.

मित्रांनो, प्रवाळ पाहायला फार दूर जायला नको. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासही ते आहेत. सहलीला गेलात तर त्यांच्यावर पाय देऊ नका, तुकडा आठवण म्हणून खिशात घालू नका, आणि नाखवा त्यांच्यावर नांगर टाकू लागला तर आदराने सांगा, "चाचा, जरा पलीकडे टाका." भित्ती बांधणारे प्रवाळ 2001 सालापासून आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाइतकेच संरक्षण दिले आहे.

पालकांना एवढीच विनंती की, मुलगा असो वा मुलगी, जीवशास्त्राची आवड दिसली तर तिला समुद्राची वाट मोकळी ठेवा. मोडलेले जोडता येते, हे बादीच्या लोकांनी दाखवले. पण त्यांना लागलेली वर्षे पाहता, न मोडणे हेच स्वस्त आहे, हेही त्यांच्याकडूनच शिकावे.