चिंध्यांची साक्ष
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)



उद्याचा भरवसा नसलेल्या काळात कलेचे काय काम, असा प्रश्न आपल्या बैठकांतून नेहमी निघतो. आधी भाकरी, मग गाणी-चित्रे, असे आपण सहज बोलून जातो. या क्रमाविषयीच मला शंका आहे. म्हणून चिलीतील काही स्त्रियांची हकीकत सांगतो.

११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचे लोकनियुक्त समाजवादी सरकार उलथून टाकले. पिनोचेत यांच्या राजवटीत तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली वा बेपत्ता झाली. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवूनही बायकांना नवऱ्या-मुलांचा ठाव लागेना. मिळवता हात गेला, चूल थंडावली. तेव्हा सान्तियागोत चर्चच्या आश्रयाने या स्त्रिया एकत्र बसून शिवू लागल्या. पोत्याच्या कापडावर चिंध्या जोडून त्यांनी चित्रे केली. कधी ती चिंधी हरवलेल्या माणसाच्याच सदऱ्याची असे. वर अँडीजची रांग, खाली वस्ती, सामुदायिक चूल, पोलिसांची धरपकड, आणि 'ते कोठे आहेत?' हा सवाल. ही चित्रे म्हणजे 'आर्पियेरा'. ती गुपचूप परदेशी जात व विकली जात. त्या पैशावर घरे चालत, आणि देशातील वृत्तपत्रांनी दडविलेले सत्य जगाला कळे.

येथे भाकरी आधी की कला आधी, हे कसे ठरविणार? दोन्ही एकाच सुईने शिवलेल्या होत्या. शिवाय, घरात एकटीने रडणाऱ्या बाईला इतरांशेजारी बसल्यावर उमगले की, आपले दुःख केवळ आपले नाही. त्याला जबाबदार असलेली एक सत्ता आहे.

या चित्रांनी हुकूमशाही पाडली, असा दावा मी करणार नाही. ५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात पिनोचेत हरले, ते अनेकांच्या लढ्यामुळे. बेपत्तांपैकी बहुतेकांचा पत्ता आजही लागलेला नाही. परंतु दहशत माणसांना एकमेकांपासून तोडते. मिळून काही घडविताना ती पुन्हा जोडली जातात. कलेचे हे प्रयोजन मला मोलाचे वाटते.

आपण मात्र कलापथक बोलावतो ते पुढारी येईपर्यंत गर्दी थोपवून धरण्यासाठी, आणि गाण्याचा विषयही आपणच ठरवून देतो. त्याऐवजी वस्तीतील माणसांना सुई, रंग, ढोलकी घेऊन बसावयास जागा मिळवून द्या. विषय त्यांना ठरवू द्या. त्यांनी आपल्याच चुका त्यात दाखविल्या, तर त्याही पाहण्याची तयारी ठेवा.